घरात हाकेला धावत येते, मेंढ्या दिसल्या की बहिरी होते. काय करावं?

सैरभैर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली.

आमची चिंगी सव्वा वर्षाची. आई लॅब्रॅडॉर, वडील अज्ञात. घरात तिच्यासारखी आज्ञाधारक कुत्री नाही. झोपेत असली तरी "चिंगी, ये" म्हटलं की शेपूट हलवत हजर. त्या भरवशावर मी तिला फिरायला नेताना माळावर मोकळी सोडायला लागले. चार महिने काही झालं नाही.

गेल्या रविवारी वळणापलीकडे तीस-चाळीस मेंढ्या चरत होत्या. चिंगी थबकली. कान ताठ, तोंड बंद, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. मी हाक मारली. तिचा कानसुद्धा माझ्याकडे वळला नाही. दुसऱ्या हाकेला ती सुटलेली होती. मी सात-आठ वेळा तरी ओरडले असेन. आधी लाडाने, मग रागाने, मग रडकुंडीला येऊन. कळप फुटून दोन तुकडे झाले आणि एक मेंढी कुंपणाच्या तारेत अडकली.

चिंगी कोणाला चावली नाही. नुसती गोल गोल पळवत होती. मेंढपाळ आले, एक शब्द बोलले नाहीत. मेंढी सोडवली, तिच्या पोटाखाली हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "गाभण आहे. आज काय कळायचं नाही. आठ-पंधरा दिवसांनी कळंल." मी नंबर दिला, माफी मागितली. तो हात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

वीस मिनिटांनी चिंगी जीभ बाहेर काढून खुशीत परत आली. मी तिला एक फटका दिला आणि साखळी लावली.

आता सांगा, हिला गुरांसमोर हाकेला यायला शिकवता येतं का? की हे रक्तातच असतं?

शेपूटघोळू

बाकी सगळं शिकवता येईल, पण तो फटका चुकला. तुम्हाला वाटलं मेंढ्यांमागे पळाल्याबद्दल दिला. चिंगीच्या हिशोबात तो परत आल्याबद्दल मिळाला. पुढच्या वेळी वीस मिनिटांऐवजी चाळीस लागतील.

गुळाचा गणपती

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

(हलके घ्या. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही वाकडी.)

रानवाट

@सैरभैर, आधी एक गैरसमज दूर करू. चिंगी बहिरी झाली नाही आणि तिने तुमचा अपमानही केला नाही. तिला "ये" हा शब्द माळावर कोणी शिकवलेलाच नाही. तिला येतो तो स्वयंपाकघरातला "ये". कुत्र्यांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू करता येत नाही. चार महिने "काही झालं नाही" म्हणजे ती शिकली होती असं नाही, चार महिने मेंढ्या भेटल्या नाहीत इतकंच.

दुसरं, तुम्ही वर्णन फार छान केलंय: कान ताठ, तोंड बंद, एक पाय उचललेला. शिकारीची साखळी असते ती. हेरणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, चावा, मारणं. माणसाने वेगवेगळ्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या जाड केल्या, काही झिजवल्या. मेंढ्या राखणाऱ्या कोलीत नजर आणि पाठलाग जाड, चावा झिजवलेला. लॅब्रॅडॉरमध्ये तोंडात धरून आणणं जाड. तुमच्या अज्ञात जावईबापूंनी काय दिलंय ते देवाला माहीत. मुद्दा असा की पाठलाग सुरू झाला की तोच बक्षीस असतो. तुमच्या खिशातलं बिस्किट त्यापुढे काहीच नाही. हाक मारायची खरी वेळ तोंड बंद झालं त्या क्षणाची, किंबहुना त्याच्याही आधीची. सुटल्यावर मारलेली हाक म्हणजे बस सुटल्यावर तिच्यामागे केलेला हात.

मी काय करते ते सांगते. घाईचा मामला नाही, महिने लागतात.

"ये" हा शब्द आता सोडून द्या. तो खराब झालाय. सात-आठ वेळा ओरडून त्याचा अर्थ तुम्हीच बदललात: "ये म्हणजे मागे कोणीतरी ओरडतंय, पळत राहा." नवीन शब्द घ्या, जो दिवसभरात सहज तोंडात येत नाही. आमच्याकडे "झटपट" आहे. पहिले दोन आठवडे फक्त घरात, कुत्री समोर बसलेली असताना शब्द म्हणायचा आणि लगेच काहीतरी अफलातून द्यायचं. उकडलेली कलेजी, चीज, चिकन. तिला काही करायलाच लावायचं नाही. शब्द आणि घास, शब्द आणि घास. पावलॉव या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं ते १९०४ साली, पचनसंस्थेच्या कामासाठी, पण त्याच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतलं आपल्या कामाचं हेच: शब्द कानावर पडला की डोक्याने विचार करण्याआधी मान वळली पाहिजे.

मग अंगण. मग रिकामा रस्ता. मग लांब दोरी लावून माळ, पण मेंढ्या नसलेला. मग मेंढ्या, पण इतक्या लांब की चिंगीला त्या दिसतात आणि तरीही ती तुमच्या हातचं खाते. खाणं थांबलं की समजा तुम्ही फार जवळ आलात. काही न बोलता मागे फिरा. ते अंतर आज दोनशे पावलं असेल, दोन महिन्यांनी ऐंशी होईल.

आणि नियम एकच पण कडक: येईल याची खात्री नसेल तर हाक मारायचीच नाही. चालत जाऊन दोरी उचला. लांडगा आला रे आला ही गोष्ट कुत्र्यांनाही लागू आहे.

सैरभैर

@शेपूटघोळू, वाचून लाज वाटली. खरं आहे.

@रानवाट, "सुटलेल्या बसला हात" हे फ्रिजवर लिहून लावते. लांब दोरी म्हणजे किती लांब?

रानवाट

दहा मीटरपासून सुरुवात करा. जमलं की पंधरा. गुंडाळीची, बटण दाबलं की लांब होणारी साखळी नको. ती कायम ताणलेली असते, त्यामुळे कुत्रं ओढायलाच शिकतं.

भाजलेला तळहात

दोरीचा विषय निघालाच आहे तर माझं नाव वाचून घ्या.

पहिल्याच दिवशी, अनुभवी माणसासारखा आव आणून, नायलॉनची दोरी हाताला दोन वेढे देऊन धरली होती. एकतीस किलोचा कुत्रा, समोर शेळी. दहा मीटरपैकी आठ मीटर तो मोकळा पळाला, म्हणजे पूर्ण वेगात आला, आणि मग दोरी संपली. वेढा आवळला, मी तोंडावर आपटलो, तळहाताची साल निघाली आणि करंगळी आजही पाऊस आला की सांगते. कुत्रा मानेवर झटका बसून उलटा पडला. नशीब, त्याला काही झालं नाही.

तर: वेढे कधीही नाही. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला, पाठीवरच्या कडीत. हातमोजे, दोन्ही हातांत. टोकाचा फास कापून टाका, तो झुडपात अडकतो. दर मीटर-दीड मीटरवर एक गाठ मारा, म्हणजे दोरीवर पाय देऊन थांबवता येतं. आणि ढिली दोरी जमिनीवर असताना स्वतःच्या पायांकडे बघत चला. हे कोणी सांगत नाही.

कुंपणाच्या आतला

मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच मेंढ्यावाला. दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

"काही करणार नाही तो, नुसता खेळतोय" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. खेळ कुत्र्याचा असतो. मेंढीला तो लांडगा आहे. चावा न लागताही मेंढ्या मरतात. एकदा कळप कोपऱ्यात दाबला गेला की एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. गाभण मेंढी पळाली, घाबरली की त्या दिवशी ठीक दिसते आणि नंतर गाभडते. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. चार महिने सांभाळलेलं एका सकाळी जातं. आणि जी मेंढी एकदा अशी भ्यायली, ती पुढे माझ्या स्वतःच्या कुत्र्यालाही बुजते.

सैरभैर ताई, तुम्ही थांबलात, नंबर दिलात. दहातले नऊ जण कुत्र्याला घेऊन गुपचूप निघून जातात, म्हणून हे नोंदवतोय.

मला शिकवण्यातलं कळत नाही. एवढंच सांगतो, जनावरं दिसतायत किंवा दिसू शकतात तिथे दोरी हातात. कुत्रं कितीही शहाणं असो. माझी स्वतःची राखणीची कुत्रीही पहिलं वर्ष दोरीवर असतात.

चेंडूफळी

+१ कुंपणाच्या आतला. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवला पाहिजे.

खडूस

दोन-दोन महिने कलेजी उकडत बसायची काय गरज आहे? रिमोटचा पट्टा घ्या. मेंढीकडे धावला की बटण. दोन झटक्यांत आमचा सुतासारखा सरळ झाला. तीन वर्षं झाली, शेळी अंगावरून गेली तरी बघत नाही. मेलेल्या मेंढीपेक्षा आणि गोळी घातलेल्या कुत्र्यापेक्षा दोन झटके बरे. ज्यांना हे क्रूर वाटतं त्यांनी मेंढीला विचारावं.

दाखला द्या

@खडूस, तुमच्या कुत्र्याचं तुम्हाला माहीत. पण हा प्रश्न अगदी याच बाबतीत तपासला गेलाय. २०१४ साली इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी हाकेला न येणारी आणि गुरांमागे पळणारी ६३ कुत्री घेतली, तीन गट केले. एका गटाला विजेच्या पट्ट्याने शिकवलं, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याविना, तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. पट्ट्याचा काही खास फायदा दिसला नाही. पट्ट्याच्या गटातली कुत्री जास्त ताणाखाली दिसली. २०२० मध्ये त्याच चित्रणाचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला, त्यातही बक्षीसवाला गट मागे नव्हता, उलट पुढे होता. वेल्समध्ये तर हे पट्टे २०१० पासून बंद आहेत.

खडूस

अर्धाच दाखला दिलात. २०२४ चा अमेरिकेतला अभ्यास सोयीस्करपणे विसरलात? १९ कुत्री, पुढे पळणारं आमिष. पट्टेवाल्या गटाने पाठलाग सोडला, खाऊवाल्या दोन्ही गटांनी नाही.

दाखला द्या

विसरलो नाही. तो अभ्यास आहे आणि त्याचा निकालही तुम्ही सांगता तोच आहे. पण तिथे समोर यंत्राने ओढलेलं आमिष होतं, मेंढी नव्हती, आणि खाऊवाल्यांना मिळाली मोजकी सत्रं. रानवाट ताई महिन्यांची गोष्ट करतायत. पाच-सहा दिवसांत कलेजी हरली हे मला पटतं. सहा महिन्यांत हरेल हे त्यातून सिद्ध होत नाही.

रानवाट

मला दोघांना एकच सांगायचंय. झटका बसतो त्या क्षणी कुत्रं कशाकडे बघत होतं ते बटण दाबणाऱ्याला नेहमी कळतंच असं नाही. माझ्याकडे एक कुत्री आली होती, शेळ्यांसाठी पट्टा लावलेली. झटका बसला तेव्हा शेळ्यांमागून एक लहान मुलगा सायकलवरून येत होता. शेळ्यांना ती नंतरही हुंगायला जायची. सायकल दिसली की थरथरायची. दीड वर्ष लागलं ते काढायला.

खडूस दादा, तुमचा कुत्रा सरळ झाला, आनंद आहे. पण त्याला तुम्ही हाकेला यायला नाही शिकवलंत, शेळीला घाबरायला शिकवलंत. धाग्याचा प्रश्न हाकेचा आहे.

खडूस

मला दोन्ही चालतं. असो, माझ्याकडून पूर्णविराम.

गुळाचा गणपती

खडूसने पूर्णविराम दिला! कोणता रिमोट वापरलात?

शिट्टीबाई

मी शिट्टीवाली. "झटपट" काय, "ये" काय, आवाजात भीती आली की कुत्र्याला कळते. शिट्टी घाबरत नाही. रोज तीच, तितकीच. वाऱ्यात लांबपर्यंत जाते, आणि घरातल्या चौघांची हाक चार तऱ्हेची होत नाही. फक्त सुरुवातीलाच सूर ठरवून टाका, मी दोन आखूड आणि एक लांब फुंकते.

माणसाला ऐकू न येणारी शिट्टी घेऊ नका. गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने ती १८७६ साली बनवली तेव्हापासून लोकांना तिचं अप्रूप. कुत्र्याला साधारण ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २० हजारांपर्यंत, हे सगळं खरं. पण आपल्यालाच ऐकू आली नाही तर ती वाजली की नाही, नीट वाजली की नाही, हे कळणार कसं?

निवांत

आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की कुत्रा हजर. आता माळावर कुकर नेऊ का?

शिट्टीबाई

हसू नका, तत्त्व तेच आहे! कुकरला तुमच्याआधी जमलं एवढंच. त्याने कधी शिट्टी देऊन जेवण नाकारलं नाही.

चेंडूफळी

आमच्या वाघ्याला खाण्याचं काडीचं वेड नाही. कलेजी हुंगतो आणि पुढे जातो. वर सगळे खाऊचंच बोलतायत म्हणून लिहिते.

त्याला हवं होतं पळायला. तेव्हा मी पळणंच बक्षीस केलं. तो वळला रे वळला की चेंडू विरुद्ध दिशेला, मेंढ्यांच्या उलट बाजूला. मला नंतर कळलं की याला नाव आहे, प्रीमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं: जास्त आवडीची कृती कमी आवडीच्या कृतीचं बक्षीस होऊ शकते. आपल्या आया "आधी अभ्यास, मग खेळ" म्हणायच्या, त्यांना कोणी श्रेय दिलं नाही.

एक सावधगिरी. चेंडू तो येऊन तुम्हाला शिवल्यावर फेका. मी लांबूनच फेकायचे, तर हा अर्ध्यातूनच वळून उभा राहायचा, "टाक की" म्हणून. हाकेला येणं म्हणजे पट्ट्याला हात लागेपर्यंत येणं. चार हातांवर येऊन नाचणारी कुत्री आलेली नसतात.

आणखी एक, येणाऱ्या प्रत्येक वेळी साखळी लावू नका. हाक, बक्षीस, जा पुन्हा खेळ. असं दहातून नऊ वेळा. नाहीतर हाक म्हणजे मजा संपली, हे त्याला दोन दिवसांत कळतं.

आठवी ब

सव्वा वर्ष म्हणजे माणसात धरलं तर ऐन नखरेवाली आहे तुमची चिंगी. २०२० मध्ये एक शोधनिबंध आला होता: आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या मानाने मालकाचं ऐकेनाशी होतात. गंमत म्हणजे अनोळखी माणसाचं ऐकतात! घरात पंधरा वर्षांचा मुलगा असणाऱ्यांना यात नवीन काही नाही. माझा शेजारच्या काकूंची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेऊन देतो.

गोठ्यातली डॉक्टर

गुरांची डॉक्टर आहे, थोडं अवांतर वाटेल पण नाही.

गायींचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. मेंढ्या पळतात, गायी पळत नाहीत. विशेषतः वासरू असलेली गाय कुत्र्यावर चालून येते, आणि कुत्रं घाबरलं की तुमच्या पायांत येतं. मग तुम्ही मधे. अशा वेळी "कुत्र्याला वाचवायचं" म्हणून साखळी घट्ट धरून ठेवणारी माणसं तुडवली गेली आहेत. गाय अंगावर येत असेल तर साखळी सोडा. कुत्रं गायीपेक्षा वेगाने पळतं, तुम्ही नाही. आणि गाय-वासराच्या मधून कधीही जाऊ नका, मोठा वळसा घ्या.

दुसरं, कुरणात केलेली शी उचला. गायींमध्ये गाभडण्याचं एक कारण असलेला निओस्पोरा हा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातो. तुमचं कुत्रं साखळीवर असलं, हाकेला पक्कं असलं, तरी हे नुकसान होऊ शकतं.

तिसरं, कुत्र्याला जनावरांचा वार (व्यायल्यावर पडतो तो) किंवा मेलेल्या मेंढीचं काही खाऊ देऊ नका. मेंढीच्या यकृतात, फुफ्फुसात पट्टकृमीच्या गाठी असतात, त्या खाऊन कुत्र्याला तो जंत होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की गाठी माणसात. जंतनाशक वेळेवर. आणि कोली जातीची कुत्री असणाऱ्यांनी शेण-लेंड्या खाण्याच्या सवयीवर खास लक्ष द्या. नुकतंच आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या लिदीतूनही या कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते. बऱ्याच कोलींच्या जनुकात असा दोष असतो की ते औषध मेंदूपर्यंत पोचतं.

निवांत

आमचा लेंड्या म्हणजे शेंगदाणे असल्यासारखा खातो. कोली नाही, पण तरी आता घाम फुटला.

गोठ्यातली डॉक्टर

घाम नको, तोंडातलं सोडायला शिकवा. "सोड" म्हटल्यावर कलेजी. तेच तंत्र, वेगळा शब्द.

म्हातारा कोली

उशिरा आलो. मी मेंढ्यांवर काम करणारी कुत्री तयार केली आहेत, त्यातला एक अनुभव.

धावत्या कुत्र्याला "ये" ही अवघड आज्ञा आहे. त्याला हव्या असलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवायची असते. "बस खाली" त्यामानाने सोपी. मेंढीवरची नजर न काढता तो खाली बसू शकतो. काम करणाऱ्या कुत्र्याला आम्ही आधी हेच शिकवतो, आहे तिथे पोट जमिनीला. पाठलाग तुटला की मग तुमची "ये" त्याच्या कानात शिरते.

शिकवायचं असं. आधी तो शेजारी असताना. मग दोन पावलांवरून. मग चालता-चालता, मग चेंडूमागे निघालेला असताना अर्ध्या वाटेत. चेंडू हे तुमचं मेंढरू. त्यात शंभरदा यश आल्याशिवाय खऱ्या मेंढराजवळ जाऊ नका. बक्षीस तो पडून आहे तिथे चालत जाऊन द्या, त्याला उठवून बोलवू नका, नाहीतर तो तुमच्याकडे सरकत सरकत बसायला शिकेल.

आणि ताई, हाक मारायची वेळ रानवाट यांनी बरोबर सांगितली. कुत्र्याचं तोंड बंद झालं की आपलं उघडायचं.

बीगलग्रस्त

सगळं केलं. कलेजी, शिट्टी, चेंडू, दोरी, दोन प्रशिक्षक. आमचा बीगल सात वर्षांचा आहे. नाक जमिनीला लागलं की मी अस्तित्वात नसतो. आता तो कायम दहा मीटर दोरीवर फिरतो. चारही बाजू बंद असलेलं एक मैदान आहे, तिथे मोकळा. मला दोन वर्षं अपराधी वाटायचं, आता वाटत नाही. दोरीवर असलेला कुत्रा दुःखी असतो हे आपल्या डोक्यातलं आहे. त्याला वास हवेत, ते दोरीवरही येतात.

@सैरभैर, "रक्तातच असतं का" या प्रश्नाचं हेही एक उत्तर.

रानवाट

मनापासून अनुमोदन. हे माझ्या लांबलचक प्रतिसादात यायला हवं होतं.

कुंपणाच्या आतला

बीगलवाले दादा, माझ्या कुंपणाशेजारून कधीही जा.

सैरभैर

(सात आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

पहिलं मेंढीचं. मी दर आठवड्याला जाऊन येत होते. ती गाभडली नाही. दिवस भरले, जुळं झालं. एक कोकरू उभं राहिलं, एक मेलेलं आलं. ते चिंगीमुळे की तसंही झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. नुकसानीचे पैसे दिले. ते घ्यायला तयार नव्हते, मीच ठेवून आले.

मग त्यांनाच विचारलं, की तुमच्या कुंपणाबाहेर लांब उभी राहून शिकवू का. हो म्हणाले. आता मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी जाते. मेंढ्या आत, आम्ही बाहेर, दोरी हार्नेसला.

नवा शब्द "पटकन" घेतला होता. तो तिसऱ्या दिवशीच बाद. मी घरात सगळ्यांना "पटकन आवर" म्हणते, चिंगी दर वेळी धावत यायची आणि मी कलेजी न देता मुलांवर ओरडत असायचे. आता "टिंबकटू". मुलं हसतात, पण दिवसभरात चुकून तोंडात येत नाही.

वहीत नोंद ठेवतेय. पहिल्या दिवशी एकशे ऐंशी पावलांवरच खाणं बंद. आता नव्वद पावलांवर कलेजी खाते, मान वळते, येते. सत्तरवर तीनदा आली, दोनदा नाही. "बस खाली" चेंडूवर बरं जमतंय, मेंढ्यांवर अजून प्रयत्नच केला नाही.

आणि गेल्या शुक्रवारी ध्यानीमनी नसताना वाटेतच, कुंपणाच्या बाहेर, एक सुटं करडू झुडपातून उडी मारून पुढ्यात आलं. पंधरा पावलांवर. चिंगीचं तोंड बंद झालेलं मला दिसलं. मी "टिंबकटू" म्हटलं. तिने मान वळवली, अगदी पूर्ण, माझ्याकडे बघितलं. एक क्षण वाटलं जिंकलो. मग ती करडाकडे सुटली. दोरी होती म्हणून थांबली.

म्हातारा कोली

पंधरा पावलांवर मान वळली? सात आठवड्यांत? अहो, पेढे वाटा. पाय नंतर वळतात.

शेपूटघोळू

बाकी दोरी कधी सोडणार?

सैरभैर

त्या वाटेवर नाही. बंद मैदानात रोज सोडते.

भाजलेला तळहात

हातमोजे होते ना?

सैरभैर

उजव्यात होता.